घर आणि पाणी – लेखांक ६ : फळी वाळली हे कशावरून?

मागच्या लेखांकात टबाच्या कडेची गळती शोधून बंद कशी करायची ते पाहिले. बहुतेक घरांत काम तिथेच संपले असे धरतात. लाकूड मात्र बरेचदा त्यानंतरच्या महिन्यांत कुजते. ब्रिटनमधल्या व्हिक्टोरियाकालीन घरांत न्हाणीघर सहसा वरच्या मजल्यावर असते आणि त्याची जमीन आपल्याकडच्या वाड्यांतल्या कडीपाटासारखी असते : भिंतीत टोके रोवलेल्या कड्या, त्यांवर पाइनच्या फळ्या आणि कड्यांच्या खालच्या अंगाला खालच्या खोलीचे छत. मधे वीतभर उंचीची बंद पोकळी. टबाचे पाणी फळ्यांच्या सांध्यांतून या पोकळीत उतरते. वरची बाजू पंख्याने लवकर सुकते, पण खाली कोंडलेली हवा थोड्याच वेळात बाष्पाने भरते आणि मग लाकडातले पाणी घेईनाशी होते. वर व्हायनिलचे अखंड आच्छादन असेल तर तीही वाट बंद. म्हणून हाताला कोरडी लागली एवढ्यावर फळी वाळली असे मानू नये. पोकळी उघडावी, तिच्यात हवा खेळू द्यावी आणि निकाल ओलावामापकावर सोडावा.

हे यंत्र साधे असते. त्याच्या दोन सुया लाकडात रुतवल्या की ओलाव्याचे प्रमाण टक्क्यांत दिसते. लाकडाच्या पेशींच्या भित्ती साधारण २८ ते ३० टक्क्यांना पूर्ण भिजलेल्या असतात, आणि लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला २० टक्क्यांच्या खाली बस्तान बसवता येत नाही. तेव्हा २० च्या बरेच खाली येईपर्यंत थांबावे. त्याच घरातल्या कोरड्या खोलीची फळी मोजून ठेवली तर आपल्याला कुठवर पोचायचे आहे तेही कळते. मोजायचे मात्र फळीच्या मध्यावर नव्हे, तर कडीच्या कुशीत, भिंतीला लागून. लाकडात पाणी आडव्यापेक्षा रेषांच्या दिशेने कितीतरी पट वेगाने सरकते. त्यामुळे कडीचे कापलेले टोक सर्वांत आधी पाणी पिते, आणि भोवतालची ओली वीट ते पुरवत राहते म्हणून वाळतेही सर्वांत शेवटी. फळी १४ टक्के दाखवत असताना हे टोक २५ वर अडकलेले असू शकते.

कोणी म्हणेल, हीटर लावून दोन दिवसांत प्रश्न मिटवावा. पण फळीची वरची बाजू तापून आकसते, खालची फुगलेलीच राहते, आणि फळी कडांनी वर उचलली जाते. शिवाय निघालेल्या वाफेला बाहेरची वाट नसेल तर ती थंड भिंतीवर पुन्हा पाणी होऊन बसते. ५ अंशांची हवा घनमीटरला जेमतेम ७ ग्रॅम बाष्प धरते, २० अंशांची १७ ग्रॅम. त्यामुळे हिवाळ्यात खिडकी किलकिली ठेवून मंद ऊब दिली की बाहेरची थंड हवाच आत येऊन काम करते. दमट उन्हाळ्यात हा हिशेब जमत नाही. तेव्हा दारे-खिडक्या लावून डीह्युमिडिफायर चालवावा.

जुन्या फळ्या उचकटताना चिरतात, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. पण सगळी जमीन उखडायला कोणी सांगत नाही. एक फळी टबाजवळची आणि एक समोरच्या भिंतीजवळची काढली तरी हवेला आरपार वाट मिळते. खालून वायर आणि नळ गेलेले असतात, म्हणून वीज बंद करून, बेताने. जमीन फळ्यांची नसून चिपबोर्डची असेल आणि ती फुगली असेल, तर वाळवण्यात अर्थ नाही. ती बदलावीच लागते. बुरशीनाशक फवारून लगेच झाकून टाकण्याचा सल्लाही मिळतो. पण फवारा पृष्ठभागावर राहतो, बुरशीला पोसणारे पाणी कडीच्या पोटात.

आकडे उतरले की झाकण्याआधी प्रत्येक कडीचे टोक स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावे. घट्ट लागले तर फळ्या बसवाव्यात, आणि टब काठोकाठ भरून मगच त्याच्या कडेला नवे सिलिकॉन भरावे, कारण भरलेला टब थोडा खाली बसतो आणि रिकाम्या टबाला लावलेला सांधा पहिल्याच आंघोळीत ताणला जातो. टोक मऊ लागून पाते आत रुतले, तर कडीला जोड द्यावा लागेल. तो कसा द्यायचा ते पुढच्या आठवड्यात.