साचा सरकारी, मजकूर यवतमाळचा

यवतमाळ जिल्ह्याचं सरकारी संकेतस्थळ पाहा, मग शेजारच्या वर्ध्याचं. चेहरामोहरा सारखाच वाटेल. दोन्हींमागे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'एसथ्रीवास' ही सेवा आहे. साचा तयार असतो, जिल्ह्यानं फक्त मजकूर भरायचा. भरतीची सूचना टाकायची तर शीर्षक, वर्णन, सुरुवातीची आणि शेवटची तारीख लिहून पीडीएफ जोडायची. हे सगळं डेटाबेसमध्ये राहतं आणि पान उघडताना साच्यात बसतं. उद्या साचा बदलला तरी सूचनेला धक्का लागत नाही.

ही सोय सरकारी कार्यालयांपुरती. जिल्ह्यातल्या पुसद-वणीच्या दुकानदारानं काय करावं? संकेतस्थळ बनवायला 2001 चं ड्रुपल हे सॉफ्टवेअर दमदार, पण शिकायला जड. 2003 चं वर्डप्रेस दुकानदाराला पुरून उरेल. दोन्ही फुकट, खर्च सर्व्हरचा, आणि प्लगइन, म्हणजे जोडसुविधा, अद्ययावत ठेवायच्या कटकटीचा. जुनाट प्लगइन म्हणजे हॅकरला उघडं दार. (संकेतस्थळ बनवून देणारा हे सहसा सांगत नाही.)

मराठी मजकूर मात्र युनिकोडमध्येच हवा. डीटीपीवाल्याकडून आलेला जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला, तर पानावर अगम्य चिन्हं उमटतात आणि गूगलवर 'कापूस' शोधणाऱ्याला ते पान सापडत नाही.