कर्करोग निदानोत्तर आर्थिक व विमाविषयक भाराचे व्यवस्थापन : महाराष्ट्राच्या संदर्भात

गोषवारा :
कर्करोगाचे निदान झालेल्या कुटुंबापुढे वैद्यकीय प्रश्नाइतकाच गंभीर आर्थिक प्रश्न उभा राहतो. हा भार एकाच मोठ्या देयकाचा नसतो. अनेक महिने चालणाऱ्या खर्चाची साखळी आणि त्याच काळात आटत जाणारे उत्पन्न यांतून तो निर्माण होतो. शासकीय योजना, धर्मादाय तरतुदी व आरोग्य विमा हे तीन आधार उपलब्ध असले तरी त्यांचा लाभ योग्य क्रमाने व योग्य वेळी घेतला तरच तो पदरात पडतो. प्रस्तुत लेखात या क्रमाचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : कर्करोग, आर्थिक विषाक्तता, आरोग्य विमा, जन आरोग्य योजना, विमा लोकपाल

प्रस्तावना :
महाराष्ट्राला कर्करोग उपचारांची मोठी परंपरा आहे. मुंबईतील परळ येथे १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तर १९५१ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीची स्थापना झाली. आज राज्यातील प्रमुख शहरांत शस्त्रक्रिया, किरणोपचार व रसायनोपचार या तिन्ही सोयी उपलब्ध आहेत. मात्र उपचार उपलब्ध असणे आणि ते पूर्ण करता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पैशाअभावी रसायनोपचाराचे चक्र लांबणे किंवा किरणोपचार अर्ध्यावर सुटणे याचा परिणाम थेट रोगाच्या नियंत्रणावर होतो. म्हणूनच आर्थिक नियोजन हा उपचाराचाच एक भाग मानला पाहिजे.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार कर्करोगासाठी एकदा रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सार्वजनिक रुग्णालयात सुमारे २२,५०० रुपये, तर खाजगी रुग्णालयात सुमारे ९३,००० रुपये होता. हे आकडे एका वेळच्या दाखल होण्याचे आहेत. कर्करोगाच्या रुग्णाला वर्षभरात अनेकदा दाखल व्हावे लागते, ही बाब लक्षात घेतली म्हणजे प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानात येते.

१. आर्थिक भाराचे स्वरूप :
या भाराचे तीन स्तर पडतात. पहिला स्तर प्रत्यक्ष वैद्यकीय खर्चाचा असून त्यात तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधे व किरणोपचार येतात. दुसरा स्तर उपचारामुळे उद्भवणाऱ्या इतर खर्चाचा असतो. किरणोपचार बहुधा आठवड्यातील पाच दिवस, याप्रमाणे कित्येक आठवडे चालतात. तालुक्याच्या गावाहून मुंबई किंवा पुण्यास आलेल्या कुटुंबाला या काळात प्रवास, निवास व भोजन यांचा खर्च सोसावा लागतो. तिसरा स्तर बुडालेल्या उत्पन्नाचा आहे. रुग्णाबरोबरच त्याची शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीचाही रोजगार बुडतो. शेतकरी कुटुंबात एखादा हंगाम हातचा जातो.

या सर्वांच्या एकत्रित परिणामास वैद्यकीय क्षेत्रात आता 'आर्थिक विषाक्तता' अशी संज्ञा वापरली जाते. औषधाचे जसे शरीरावर दुष्परिणाम होतात, तसे उपचारखर्चाचे कुटुंबावर होतात, असा तिचा आशय आहे. विमा प्रामुख्याने पहिल्या स्तरालाच स्पर्श करतो. केवळ विम्याच्या भरवशावर राहिलेले कुटुंब पुढील दोन स्तरांत अडचणीत येते.

२. निदानानंतरचा पहिला पंधरवडा :
निदान होताच हाती असेल तो पैसा खर्च करून उपचार सुरू करण्याकडे कुटुंबाचा स्वाभाविक कल असतो. परंतु बहुतेक सार्वजनिक साहाय्य पुढे होणाऱ्या खर्चासाठी असते, झालेल्या खर्चासाठी नसते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नियोजित उपचारापूर्वी पूर्वमंजुरी घ्यावी लागते. मुख्यमंत्री सहायता निधीची रक्कमही रुग्णाच्या हाती न देता रुग्णालयाकडे जमा केली जाते आणि आधी भरलेल्या देयकाची प्रतिपूर्ती त्यातून होत नाही. याउलट विम्यात झालेल्या खर्चाची प्रतिपूर्ती मिळू शकते, मात्र त्यासाठी प्रत्येक मूळ कागद लागतो. त्यामुळे 'आधी चौकशी, मग मंजुरी आणि त्यानंतर खर्च' हा क्रम महत्त्वाचा ठरतो.

वैद्यकीयदृष्ट्या तातडी नसेल तर उपचारास हानी न पोहोचता या चौकशीसाठी काही दिवस मिळू शकतात. किती दिवस थांबता येईल हे मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. या काळात पुढील कामे व्हावीत :

(अ) संपूर्ण उपचाराचा टप्प्याटप्प्याने लेखी अंदाज रुग्णालयाकडून घेणे.
(आ) ऊतक परीक्षणाचा अहवाल, सर्व पावत्या व औषधचिठ्ठ्या दिनांकानुसार एका धारिकेत लावणे व त्यांच्या छायाप्रती काढणे.
(इ) शिधापत्रिका, आधार ओळखपत्र व उत्पन्नाचा दाखला यांतील नावे परस्परांशी जुळतात का, हे पाहणे.
(ई) रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवा विभागास पहिल्याच भेटीत भेटणे.

शेवटची बाब सर्वाधिक दुर्लक्षित राहते. कोणता निधी कोणाला मिळू शकतो याची माहिती या विभागातील समाजसेवकांकडे असते, पण बहुतेक कुटुंबे पैसे संपल्यावर तेथे पोहोचतात.

३. शासकीय व धर्मादाय आधार :
महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढे ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. या दोन्ही योजना राज्यात एकत्रित राबविल्या जातात. २०२३ च्या शासन निर्णयानुसार विमा संरक्षण प्रतिकुटुंब प्रतिवर्षी ५ लाख रुपये करण्यात आले आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अट न ठेवता राज्यातील सर्व कुटुंबांना योजना खुली झाली. कर्करोगावरील शस्त्रक्रिया, रसायनोपचार व किरणोपचार यांचा तीत समावेश आहे. २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील ज्येष्ठ नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत स्वतंत्र संरक्षण मिळाले.

योजना केवळ अंगीकृत रुग्णालयांतच लागू होते. त्यामुळे रुग्णालय निवडण्यापूर्वी ते यादीत आहे काय आणि आवश्यक तो विशिष्ट उपचार तेथे योजनेतून मिळतो काय, हे तेथील आरोग्यमित्राकडून जाणून घेणे आवश्यक असते. शस्त्रक्रिया एका रुग्णालयात व किरणोपचार दुसऱ्या रुग्णालयात, अशी विभागणी होणार असेल तर दोन्ही ठिकाणी ही खात्री करावी लागते.

धर्मादाय रुग्णालये हा दुसरा आधार होय. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ४१ कक व मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना यांनुसार, या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. या खर्चासाठी देयकांच्या २ टक्के रकमेचा निर्धन रुग्ण निधीही असतो. पंचतारांकित वाटणारी अनेक रुग्णालये मुळात विश्वस्त संस्थांची आहेत, हे सर्वसामान्यांस ठाऊक नसते.

प्रवास व निवास यांसाठीही साहाय्य आहे. रेल्वेने उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णास शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत भाड्यात १०० टक्के, तर सोबतच्या एका व्यक्तीस ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. मुंबईत दादर येथील गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा व परळ येथील नाना पालकर स्मृती समितीचे रुग्ण सेवा सदन येथे बाहेरगावच्या रुग्णांच्या निवासाची सोय अल्प दरात होते.

४. आरोग्य विमा : अटींचे आकलन :
निदान झाल्यानंतर नवी सर्वसाधारण पॉलिसी मिळणे दुरापास्त असते. त्यामुळे चालू असलेली पॉलिसी खंडित होऊ न देणे हा पहिला नियम ठरतो. आजारपणाच्या धावपळीत नूतनीकरणाचा दिनांक विसरला जातो आणि नेमके गरजेच्या वेळी संरक्षण संपते. पूर्वी दावा केला या कारणावरून विमा कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही.

पॉलिसीतील पुढील अटी विशेष महत्त्वाच्या आहेत.

*पूर्वीपासूनचे आजार :* भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०२४ मध्ये पूर्वीपासूनच्या आजारांसाठीची प्रतीक्षा कमाल ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणली. तसेच सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यास, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. प्रस्तावपत्रात तंबाखूचे व्यसन वा पूर्वीचा आजार लपविणे यामुळे पुढे कुटुंबाचेच नुकसान होते.

*खोलीभाड्याची मर्यादा :* समजा, पॉलिसीत प्रतिदिन ५,००० रुपये मर्यादा आहे आणि रुग्ण १०,००० रुपयांच्या खोलीत सहा दिवस राहिला. भाड्यातील ३०,००० रुपये त्याला भरावे लागतील. पॉलिसीत प्रमाणशीर कपातीची अट असल्यास शल्यचिकित्सक, शस्त्रक्रियागृह व परिचर्या यांच्या २,००,००० रुपयांच्या शुल्कापैकीही निम्मेच मंजूर होईल. म्हणजे ३०,००० रुपयांच्या सोयीपोटी १,३०,००० रुपयांचा भार पडेल. औषधे, तपासण्या व प्रत्यारोपित उपकरणे यांच्या खर्चास ही कपात लागू करता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

*आधुनिक उपचार :* तोंडावाटे घ्यावयाची रसायनोपचाराची औषधे, प्रतिकारशक्तीवर आधारित उपचार व यंत्रमानवाच्या साहाय्याने होणारी शस्त्रक्रिया यांना विमा कंपन्यांनी वगळू नये, असा निर्देश प्राधिकरणाने २०१९ मध्ये दिला. मात्र त्यांवर उपमर्यादा घालण्यास मुभा आहे. विमा रक्कम १० लाख असली तरी अशा उपचारासाठी तीतील काही भागच उपलब्ध असू शकतो.

*गंभीर आजार पॉलिसी :* हिच्यात निदान होताच ठरावीक रक्कम एकरकमी मिळते. प्रवास, निवास व बुडालेले उत्पन्न यांसाठी ती वापरता येत असल्याने वर उल्लेखिलेल्या दुसऱ्या व तिसऱ्या स्तरांवर ती उपयुक्त ठरते. तथापि, मूळ जागी सीमित असलेला अगदी प्रारंभिक कर्करोग व कमी तीव्रतेचे काही प्रकार तिच्या प्रमाणित व्याख्येत बसत नाहीत. पॉलिसी घेतल्यानंतरच्या पहिल्या ९० दिवसांत झालेल्या निदानासही बहुधा लाभ मिळत नाही.

५. दावा नाकारल्यास :
दावा नाकारला गेला म्हणजे सर्व संपले असे समजून अनेक कुटुंबे गप्प बसतात. २०२४ च्या निर्देशांनुसार विनारोख उपचाराच्या विनंतीवर एका तासात, तर रुग्णालयातून सोडतेवेळच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय अपेक्षित आहे. नकार देताना पॉलिसीतील नेमकी कोणती अट लागू केली, हे कंपनीने कळविले पाहिजे. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. एका महिन्यात उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास विमा लोकपालांकडे जाता येते. त्यासाठी शुल्क वा वकील लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत ही तक्रार दाखल करणे आवश्यक असते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे उपचाराची आवश्यकता स्पष्ट करणारे पत्र अशा वेळी निर्णायक ठरू शकते.

६. औषधखर्च, बचत व कर्ज :
फेब्रुवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने ४२ कर्करोगविरोधी औषधांवरील व्यापारी नफ्यास ३० टक्क्यांची मर्यादा घातली. तरीही एकाच औषधाच्या विविध कंपन्यांच्या किमतींत मोठी तफावत आढळते. मूळ घटकनामाने मिळणारे स्वस्त औषध चालेल काय, हे डॉक्टरांना विचारण्यात संकोच बाळगू नये. मात्र त्यांच्या सल्ल्याविना औषध बदलू नये.

योजना व विमा यांनंतर उरणाऱ्या खर्चासाठी पैसा उभारतानाही क्रम पाळावा. बचत ठेवी, भविष्य निर्वाह निधीतील अग्रिम आणि आयुर्विमा पॉलिसीवरील कर्ज हे प्रथम पर्याय होत. सोनेतारण त्यानंतर यावे. खाजगी सावकार व शेतजमिनीची घाईने विक्री यांचा मार्ग शक्यतो टाळावा. आयुर्विमा पॉलिसी मोडण्यापेक्षा तिच्यावर कर्ज घेणे हिताचे असते, कारण कुटुंबाचे संरक्षण त्यामुळे कायम राहते. कर्मचारी राज्य विमा योजनेतील पात्र कामगारास कर्करोगासारख्या दीर्घ आजारात वेतनाच्या ८० टक्के दराने विस्तारित आजारपण लाभ मिळू शकतो.

बँक खाते एकट्या रुग्णाच्या नावे असल्यास ते संयुक्त करणे व वारसनोंद अद्ययावत करणे हे अप्रिय वाटले तरी आवश्यक काम आहे. रुग्ण अतिदक्षता विभागात असताना त्याच्याच खात्यातील पैसे त्याच्या उपचारासाठी काढता न येणे, ही आपत्ती एका स्वाक्षरीने टळते.

७. महाविद्यालयांची भूमिका :
महाविद्यालयीन प्राध्यापक हा वर्ग या माहितीचा लाभार्थी आहे, तसाच वाहकही आहे. संस्थेची समूह विमा योजना सेवानिवृत्तीबरोबर संपत असल्यास निवृत्तीच्या बऱ्याच आधी वैयक्तिक पॉलिसी सुरू करणे श्रेयस्कर, कारण प्रतीक्षाकाळ तोपर्यंत पूर्ण होतो. तासिका तत्त्वावरील अध्यापक व कंत्राटी कर्मचारी बहुधा अशा कोणत्याही संरक्षणाबाहेर राहतात. त्यांच्यासाठी सेवक पतसंस्थांनी आकस्मिक वैद्यकीय कर्जाची तरतूद करावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत तपासणीबरोबरच योजनांची कागदपत्रे पूर्ण करून देण्याचा उपक्रमही हाती घेता येईल. घरातील आजारपणामुळे एखादा विद्यार्थी अचानक गैरहजर राहू लागला, तर त्यामागील कारण प्रथम शिक्षकाच्याच ध्यानात येण्याची शक्यता असते.

समारोप :
कर्करोगाचा आर्थिक भार पूर्णपणे टाळणे कोणत्याही एका योजनेस वा पॉलिसीस शक्य नाही. तथापि साहाय्याचे मार्ग ठाऊक नसल्याने व त्यांचा क्रम चुकल्याने होणारे नुकसान निश्चितच टाळता येते. निदानाच्या दिवशी कुटुंबाच्या मनात पहिला प्रश्न 'रुग्ण बरा होईल ना?' हा असतो. 'उपचार शेवटपर्यंत कसा पुरा करावयाचा?' हा प्रश्नही त्याच दिवशी विचारला गेला, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनुकूल येण्यास त्याची मदतच होईल.