काससुजी व प्रतिजैविकांचा विवेकी वापर

परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली स्थापन झाले, तेव्हा काससुजीवर प्रतिजैविक औषधे नव्हती. आज ती आहेत; परंतु सर्वच जंतूंवर लागू पडत नाहीत. स्टॅफिलोकोकस जंतूंपैकी कित्येक पेनिसिलिनचा नाश करणारे विकर निर्माण करतात. औषधाने दुर्बळ जंतू मरतात. प्रतिकारक्षम मात्र उरून वाढतात व सड कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून कासेस सूज वा दुधात गाठी दिसताच पशुवैद्यकास बोलवावे. औषधापूर्वी दुधाचा नमुना निर्जंतुक बाटलीत तपासणीस द्यावा. गुणकारी औषध त्यावरून कळते. उपचाराच्या काळातील व नंतर सांगितलेल्या मुदतीतील दूध विकू नये. आजारी जनावराची धार शेवटी काढावी व धारेनंतर सड जंतुनाशक द्रावणात बुडवावेत.