पाण्याची वाट

आमच्या अक्कलकोटपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटर दूर आहे. येथील मुलांना शिडाची नौका ठाऊक असते ती बहुधा चित्रातली. तरीही नौकेविषयीची एक मोठी गोष्ट मी समुद्र पाहण्याआधीच शिकलो होतो. ती मला शिकवली आमच्या घराच्या माळवदाने.

माळवद म्हणजे मातीचे सपाट छप्पर. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर चिखल आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. कडेने वीतभर उंचीचा कठडा असे आणि साचलेले पाणी खाली पडावे म्हणून त्या कठड्यातून एक पन्हळ बाहेर डोकावत असे. मृग लागण्यापूर्वी माझे वडील माळवदावर चढत, पन्हळीत हात घालून वाळलेली पाने व चिमण्यांनी भरलेल्या काड्या बाहेर काढत आणि तिच्या भोवतीची माती ठोकून पाहत. आमच्या भागात खरा पाऊस कोसळतो तो पुढे उत्तरा-हस्तात. एका वर्षी आजारपणामुळे वडिलांचे हे काम राहून गेले. हस्ताच्या सरींनी पन्हळ तुंबली, माळवदावर तळे साचले आणि पहाटे मागच्या खोलीचा एक कोपरा खाली आला. सुदैवाने तेथे कोणी निजले नव्हते. मागाहून पाहता ध्यानात आले, की पाणी काही त्या एका रात्रीतच शिरले नव्हते. पन्हळ आणि माती यांच्यामधील बारीक फटीतून ते कित्येक वर्षे मुरत होते आणि तुळईचे टोक आतून कुजून गेले होते. वरून पाहणाऱ्याला मात्र माळवद ठणठणीत दिसत होते.

नौकेलाही असेच एक माळवद असते. त्याला डेक म्हणतात. शिडाच्या लहान नौकेत डेकच्या मागील भागी एक खोलगट जागा असते. तेथे बसून खलाशी सुकाणू धरतो आणि शिडांच्या दोऱ्या ओढतो. या जागेस कॉकपिट असे नाव आहे. मोठी लाट नौकेवर आदळली की हे कॉकपिट हौदासारखे भरते. समजा, ते दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल आहे. मग त्यात एक घनमीटर, म्हणजे एक हजार लिटर पाणी मावेल, आणि त्याचे वजन एक टनाहून थोडे अधिक भरेल, कारण समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असते. एवढे ओझे मागच्या बाजूला पडल्यावर नौका तिकडे दबते, आणि दबलेल्या नौकेवर पुढची लाट अधिकच सहज चढते. म्हणून कॉकपिटच्या तळाला दोन कोपऱ्यांत दोन छिद्रे ठेवतात. त्यांतून नळ्या निघतात आणि नौकेच्या कवचातून आरपार बसवलेल्या धातूच्या नळकांड्यांना जाऊन मिळतात. तेथून पाणी समुद्रात जाते.

माळवदाची पन्हळ आणि नौकेची ही नळी यांत एक मोठा भेद आहे. पन्हळीच्या खाली अंगण असते. अंगण कधी वर चढून घरात येत नाही. नौकेच्या नळीपलीकडे समुद्र असतो. पाणी बाहेर जाण्याची वाट हीच पाणी आत येण्याचीही वाट ठरू शकते.

वाऱ्याने शिडे भरली की नौका एका अंगाला कलते. ती डावीकडे कलली, तर डावीकडील नळकांडे पाण्यात खोल जाते. डाव्या कोपऱ्यातील छिद्राची नळी सरळ त्याच नळकांड्यास जोडलेली असेल, तर समुद्र त्या वाटेने उलटा चढून कॉकपिटात येईल. यावर जुन्या नौकाकारांनी फार सोपा उपाय काढला. त्यांनी नळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या नेल्या. डाव्या छिद्राची नळी उजव्या नळकांड्यास आणि उजव्या छिद्राची डाव्यास. आता नौका डावीकडे कलली, की डाव्या छिद्राची नळी वर उचलल्या गेलेल्या उजव्या बाजूकडे जाते, त्यामुळे समुद्राला उलटी वाट मिळत नाही. उजव्या छिद्रातील पाणी मात्र उतारावरून डावीकडे वाहून जाते. हा उपाय मला प्रथम कळला, तेव्हा मी कागदावर चित्र काढून दोनदा ताडून पाहिला. तुम्हीही पाहा.

नौकेच्या कवचातील नळकांडे पुष्कळदा पाण्याच्या पातळीखाली असते. म्हणून त्याच्या आतल्या तोंडाशी झडप बसवतात. नळी फुटली, की झडप फिरवून समुद्राची वाट बंद करायची. झडपच तुटली तर? चार सेंटिमीटर व्यासाचे भोक पाण्याखाली अर्धा मीटर असेल, तर त्यातून दर मिनिटास सुमारे एकशे चाळीस लिटर पाणी आत येते. आपल्याकडील नऊ-दहा घागरी म्हणा. दर मिनिटाला नऊ-दहा घागरी उपसणे एका माणसाच्याने किती वेळ होईल, हे ज्याने रहाटावर पाणी शेंदले आहे त्याला विचारावे.

हे सारे मी पुस्तकात वाचले होते. डोळ्यांनी पाहिले ते गोव्यात. माझा एक विद्यार्थी तेथे नौका दुरुस्त करण्याचे काम करतो. एका वर्षी उन्हाळ्यात तो मला मांडवीकाठच्या आपल्या आवारात घेऊन गेला. गोव्याच्या या भूमीतच 'म्हादेई' आणि 'तारिणी' या भारतीय नौदलाच्या शीडनौका बांधल्या गेल्या. मांडवीचेच दुसरे नाव म्हादेई. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. 'तारिणी'तून सहा महिला नौदल अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी परतल्या. तीच नौका पुढे २०२४-२५ मध्ये दोघी अधिकाऱ्यांना घेऊन पुन्हा पृथ्वीभोवती फिरून आली. या नौका सुमारे सतरा मीटर लांबीच्या. आत लाकूड आणि त्याच्या दोन्ही अंगांना काचतंतूंचे कवच, अशी त्यांची घडण आहे.

माझ्या विद्यार्थ्यासमोर उभी होती ती मात्र कोणा हौशी माणसाची, तीस वर्षांची लहान नौका. तिला पाण्याबाहेर काढून टेकूंवर उभे केले होते. विद्यार्थी तिच्या पोटात शिरला आणि त्याने मला एक नळकांडे दाखवले. "सर, हे कसे दिसते?" मी म्हणालो, "चांगले दिसते." त्याने चाकूच्या टोकाने ते खरवडले. पिवळ्या पितळेऐवजी आत गुलाबी रंग निघाला. मग हातोडीने हलकेच ठोकले. टण् असा नाद यायचा, त्याऐवजी मातीच्या मडक्यासारखा बद्द आवाज आला. आणि दुसऱ्या ठोक्याला त्याचा तुकडाच हातात आला.

याचे कारण धातूच्या जातीत आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. कासे म्हणजे तांबे आणि कथील यांचा. घरच्या हंड्याला पितळ उत्तम. पण समुद्राच्या खाऱ्या पाण्यात साध्या पितळेतले जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र, ठिसूळ सांगाडा उरतो. आकार तोच, आटे तेच. बळ मात्र गेलेले. गुलाबी रंग ही त्याची खूण होय. काशाला हा रोग सहसा होत नाही, म्हणून जाणता कारागीर पाण्याखाली कासे वापरतो, किंवा आता काचतंतू घालून बळकट केलेले प्लास्टिक. पितळ स्वस्त पडते व चकाकते, म्हणून ते बसवणारेही भेटतात. अशा काटकसरीला मी तरी काटकसर म्हणणार नाही.

"यासाठी सबंध नौका बाहेर कशाला काढायची? एका बाजूला कलती करून काम उरकता येणार नाही का?" असे मी विचारले. तेव्हा त्याने मला 'रॉयल जॉर्ज'ची हकीकत सांगितली. ही शंभर तोफांची इंग्रज युद्धनौका १७५६ साली पाण्यात उतरली होती. २९ ऑगस्ट १७८२ रोजी ती पोर्टस्मथजवळ नांगरून उभी असता तिच्या उजव्या अंगाचे, पाण्याखालचे एक नळकांडे दुरुस्त करायचे होते. ते पाण्याबाहेर यावे म्हणून उजवीकडील तोफा मध्यावर ओढल्या, डावीकडील तोफा खिडक्यांतून बाहेर सारल्या आणि नौका डावीकडे कलती केली. त्याच वेळी कलत्या बाजूने पिंपे चढवणे चालू होते. खालच्या खिडक्यांच्या कडांवरून पाणी आत येऊ लागले. सुताराने अधिकाऱ्याकडे दोनदा जाऊन नौका सरळ करण्याची विनंती केली, पण ती मानली गेली नाही, असे वाचलेल्या एका खलाशाने पुढे सांगितले. काही क्षणांत नौका बुडाली. त्या दिवशी खलाशांना भेटण्यास त्यांच्या बायका-मुलेही नौकेवर आली होती. आठशेहून अधिक जीव गेले. चौकशी करणाऱ्या न्यायालयाचे मत असे पडले, की नौकेच्या सांगाड्याची लाकडे कुजलेली होती आणि त्यांतीलच एखादा भाग खचला.

आपल्या किनाऱ्यावरचा शिरस्ता यापेक्षा शहाणा आहे. पावसाळा तोंडावर आला, की कोकणातले मच्छीमार आपल्या होड्या ओढून किनाऱ्यावर घेतात आणि त्यांवर आच्छादन घालतात. याला होड्या शाकारणे म्हणतात. घरही शाकारतात, होडीही शाकारतात, शब्द एकच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळ्यापूर्वीच गलबते सुरक्षित बंदरात छावणीस आणावीत, अशी आज्ञा त्यात केलेली आढळते. नौका कोरड्यावर असते, तोच तिचे अंग तपासण्याचा काळ.

आता त्या जुन्या नौकेचे काय केले ते सांगतो. कुजके नळकांडे काढल्यावर भोकाच्या कडेला आतले लाकूड उघडे पडले. ते ओले आणि काळे झाले होते. बोटाने दाबले तर भिजलेल्या भाकरीसारखे दबे. आमच्या माळवदाची तुळई मला आठवली. विद्यार्थ्याने घाईने नवे नळकांडे बसवले नाही. त्याने कुजलेले लाकूड चांगले लाकूड लागेपर्यंत कोरून काढले, भोक काही दिवस वाळू दिले आणि भोवतीची पोकळी एपॉक्सी नावाच्या राळेने भरली. राळ दगडासारखी कठीण झाल्यावर तिच्यात नवे भोक पाडले. यापुढे पाणी मुरले, तरी ते लाकडापर्यंत पोहोचणार नाही.

नवे भोक पहिल्यापेक्षा मोठे होते. जुन्या नळीचा व्यास दोन सेंटिमीटर होता, नवीचा चार. मी म्हणालो, "म्हणजे दुप्पट पाणी जाईल." तो हसला. "सर, गणित तुम्हीच शिकवले होते." व्यास दुप्पट झाला, की तोंडाचे क्षेत्रफळ चौपट होते! मुख्याध्यापकाला विद्यार्थ्याने पकडले, याचा मला आनंदच झाला.

काशाच्या नळकांड्याच्या चकतीखाली त्याने रबरासारखे लवचीक राहणारे लुकण भरपूर लावले. आतून चाकी फिरवली, पण एका दमात करकचून आवळली नाही. तसे केल्यास सगळे लुकण बाहेर पिळून निघते आणि धातू व कवच यांमध्ये काही उरत नाही. झडप बसवली. नळीला दोन्ही टोकांशी एकेक नव्हे, दोन-दोन पोलादी पट्ट्या आवळल्या. शेवटी मऊ लाकडाचा एक निमुळता दट्ट्या दोरीने झडपेलाच बांधून ठेवला. झडप तुटली, तर हा दट्ट्या भोकात ठोकायचा. पाण्याने लाकूड फुगते आणि अधिकच घट्ट बसते. काळोखात, हलत्या नौकेत तो शोधत बसावा लागू नये म्हणून दोरी.

चार दिवसांनी भरतीच्या वेळी नौका पाण्यात उतरवली. सर्वजण वर उभे होते. माझा विद्यार्थी तेवढा आत पालथा पडून नव्या नळकांड्याभोवती कोरडे बोट फिरवत होता. पाव तासाने त्याने ते बोट मला दाखवले. ते कोरडेच होते. मग त्याने मला कॉकपिटात बादलीमागून बादली ओतायला लावली. पाणी क्षणभर गोल फिरले, गुळगुळ आवाज करीत नळीत शिरले आणि दुसऱ्या अंगाने मांडवीत पडताना आम्हाला दिसले. त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि झडपेजवळच्या फळीवर त्या दिवसाची तारीख लिहून ठेवली.