प्रकाशाला मागे टाकणारा झोत?

चैत्र-वैशाखात तोरणमाळच्या पठारावर रात्री आभाळ निवळ असते. डोक्यावर उत्तरा फाल्गुनीचा तारा दिसतो. त्याच्या जवळच, कन्या राशीत, साध्या डोळ्यांना न दिसणारी एम ८७ नावाची दीर्घिका आहे. अंतर सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे.

तिच्या केंद्रातून निघालेला एक सरळ झोत हीबर कर्टिस यांनी १९१८ सालीच नोंदवला होता. १९९९ साली हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांवरून त्या झोतातल्या गाठींचा वेग मोजला गेला आणि तो निघाला प्रकाशाच्या सहापट! मग १९०५ साली आइन्स्टाइन यांनी सांगितलेली मर्यादा मोडली की काय? कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या वाचकांना ही शंका येणारच.

हिशेब करून पाहू. समजा, नंदुरबारपासून ४० किलोमीटरवरच्या पाड्यावरून एक पाहुणा सायकलने निघाला, ताशी १६ किलोमीटरने. निघताना त्याने ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्या मुलाजवळ चिठ्ठी दिली. ती २ तासांनी आपल्याला मिळाली. तोवर पाहुणा ३२ किलोमीटर आला होता. तिथून त्याने तशाच दुसऱ्या मुलाजवळ दुसरी चिठ्ठी धाडली. उरले ८ किलोमीटर, म्हणून ती २४ मिनिटांतच पोचली. चिठ्ठ्यांतले अंतर २४ मिनिटे आणि प्रवास ३२ किलोमीटर, म्हणजे पाहुणा ताशी ८० ने आला, असे घरच्यांना वाटणार! तो तर चिठ्ठीवाल्यापेक्षाही हळू होता.

एम ८७ मधली गाठ हा तो पाहुणा आणि प्रकाश ही चिठ्ठी. गाठ जवळजवळ आपल्याच रोखाने, किंचित तिरपी येते. आपल्याला दिसते ते तिचे बाजूला सरकणे. पण मागून निघालेला प्रकाश जवळून निघाल्यामुळे वर्षांचा काळ महिन्यांत मावल्यासारखा वाटतो. सहापट दिसण्यासाठी झोत आपल्या दृष्टिरेषेशी १९ अंशांच्या आत हवा आणि खरा वेग प्रकाशाच्या ९८ टक्क्यांहून अधिक हवा. शंभराच्या वर जावे लागत नाही.

गंमत अशी की ब्रिटिश शास्त्रज्ञ मार्टिन रीस यांनी हे १९६६ सालीच कागदावर मांडले होते. क्वेसारमध्ये तसे खरोखर दिसले ते १९७१ च्या सुमारास. दुर्बिणीआधी गणिताने सांगावे, याचे आम्हांस आजही अप्रूप वाटते.

अशा झोतांचा रेडिओ लहरींवर अभ्यास आपल्याकडेही होतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जीएमआरटीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. सहलीचा बेत असेल तर शाळेने आधी परवानगीचे पत्र धाडावे.