नाताळचा उघड्यावरील मेळावा आणि बालकांचे प्राणवह स्रोतस

डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात आमच्या भिवापूर परिसरातील चिकित्सालयांत एक ठरावीक दृश्य दिसते. आदल्या रात्री नाताळच्या मेळाव्याला नेलेले दोन-तीन वर्षांचे मूल सकाळी खोकत आईच्या कडेवर येते. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले, तेव्हापासून या भागास ख्रिस्ती परंपरेचा परिचय आहे. आता तर नाताळ हा सर्वधर्मीय बालकांचाच सण झाला आहे. शाळेचे पटांगण असो, वसाहतीची मोकळी जागा असो वा नागपुरातील सदर भागातील कॅथेड्रलची रोषणाई असो, पालक हौसेने मुलांना नेतात. ती हौस मोडणे हे वैद्याचे काम नव्हे. ती निरापद कशी होईल हे सांगणे मात्र आपले कर्तव्य आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

काल आणि वय यांचा विचार

नाताळ मार्गशीर्ष किंवा पौषात, म्हणजे हेमंत ऋतूत येतो. बाह्य शैत्यामुळे या काळी कोष्ठाग्नी बलवान असतो. त्यास पुरेसे स्निग्ध, उष्ण अन्न न मिळाल्यास तो धातूंचे शोषण करतो व वात प्रकुपित होतो. दुसरीकडे बाल्यावस्था ही स्वभावतःच कफप्रधान. रात्रीचा प्रवात, रिकामे पोट, त्यावर थंड क्रीमचा केक आणि आइस्क्रीम अशी साखळी जुळली की वात व कफ दोन्ही प्राणवह स्रोतसात बिघाड करतात.

आधुनिक शरीरक्रियाशास्त्रही यास पूरक आहे. वजनाच्या मानाने बालकाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असल्याने उष्णता लवकर निघून जाते. श्वासनलिका अरुंद असल्याने थोडी सूजही मोठा अडथळा करते. आपल्याकडील थंडी सौम्य समजण्याचे कारण नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता.

पालकांना द्यावयाचा उपदेश

१. क्षीरप व क्षीरान्नाद, म्हणजे साधारणतः दोन वर्षांपर्यंतच्या बालकास सूर्यास्तानंतरच्या उघड्यावरील कार्यक्रमास शक्यतो नेऊ नये. आयोजकांनी लहान मुलांचा मेळावा दुपारी ठेवावा, हे आपणच सुचवावे.

२. निघण्यापूर्वी घरचे उष्ण, सतूप भोजन द्यावे. सकाळी कोमट तिळतेलाचा अभ्यंग करावा. एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा कपड्यांचे दोन-तीन थर बरे. कान, छाती व तळपाय झाकावेत. मूल खेळून घामेजले तर आतला ओला कपडा बदलावा.

३. खरा अपाय बहुधा परतीच्या प्रवासात होतो. मोटारसायकलच्या टाकीवर पुढे बसविलेले मूल सगळा वारा छातीवर घेते. केंद्रीय नियमानुसार फेब्रुवारी २०२३ पासून ९ महिने ते ४ वर्षांच्या बालकास दुचाकीवर नेताना सुरक्षापट्टा व शिरस्त्राण आवश्यक असून वेगमर्यादा ताशी ४० किलोमीटर आहे. उमरेडमार्गे नागपूरहून रात्री दुचाकीने परतण्यापेक्षा बस किंवा मुक्काम श्रेयस्कर.

४. शेकोटीजवळ उब असते, तसाच धूरही असतो. धुराने श्वासनलिकेचा क्षोभ होतो. मूल वाऱ्याच्या दिशेस, धुरापासून दूर ठेवावे.

५. चार वर्षांखालील मुलास अख्खे शेंगदाणे, काजू, कडक गोळ्या देऊ नयेत. फुटलेल्या फुग्याचे तुकडे त्वरित उचलावेत. लुकलुकणाऱ्या टोप्या व खेळण्यांतील बटणासारखी बॅटरी गिळल्याची शंका जरी आली तरी तत्काळ क्ष-किरण सुविधेच्या रुग्णालयात पाठवावे. मुलाला ओकारी काढायला लावू नये.

चिकित्सा आणि औषधविक्रेत्यांची जबाबदारी

साध्या प्रतिश्याय-कासात सितोपलादि चूर्णाचा अनुभव सर्वांनाच आहे. खडीसाखर १६, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ व दालचिनी १ भाग या योगात वंशलोचन अस्सल आहे की कृत्रिम, याची खात्री दुकानदाराने करून घ्यावी. मधाचे अनुपान एक वर्षानंतरच द्यावे. त्याआधी मधातून बोटुलिझमचा धोका संभवतो, म्हणून परंपरेतील वापर असला तरी आज तो टाळणेच योग्य. ओव्याची कोमट पुरचुंडी छातीवर शेकास चालते. कापूर मात्र दोन वर्षांखालील बालकाच्या नाकाशी वा छातीवर लावू नये. कापूर पोटात गेल्यास आक्षेप येऊ शकतात.

त्रिभुवनकीर्तीत वत्सनाभ आहे. वत्सनाभ औषधनियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये असल्याने असे योग वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असतात. 'बाळाला सर्दी आहे, काहीतरी द्या' एवढ्या मागणीवर ते काउंटरवरून देणे गैर आहे. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो, हेही विसरू नये.

सन २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधील प्रसंग आपल्या अगदी शेजारचा आहे. छिंदवाडा जिल्ह्यात कोल्ड्रिफ या खोकल्याच्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल आढळले. वीसहून अधिक बालके मूत्रपिंड निकामी होऊन दगावली आणि त्यांतील काहींवर नागपुरातच उपचार झाले होते. त्यानंतर केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबर २०२५ रोजी सूचना काढली. दोन वर्षांखालील बालकांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली साधारणतः त्यांची शिफारस नाही, असे त्यात म्हटले आहे. ती बाटली आपल्या पद्धतीची नव्हती, असे म्हणून आपण सुटू शकत नाही. द्रवरूप कासौषध कोणत्याही पद्धतीचे असो, परवानाधारक उत्पादक, तुकडी क्रमांक व खरेदीचे बिल यांवाचून ते फळीवर ठेवू नये.

श्वास मोजा

एका डिसेंबरात अशाच एका मुलाच्या वडिलांना आम्ही दूरध्वनीवरून चूर्ण व शेक सांगून मोकळे झालो. सायंकाळी मूल समोर आणले तेव्हा फासळ्यांखालचा भाग आत ओढला जात होता. त्यास तातडीने नागपूरला पाठविले व ते बरे झाले. परंतु तो अर्धा दिवस आम्ही वाया घालविला होता. तेव्हापासून बालकास प्रत्यक्ष पाहिल्यावाचून कासाचे औषध सांगायचे नाही, असा आमचा नियम आहे.

मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावा. दोन महिन्यांखाली ६० वा अधिक, दोन ते बारा महिन्यांत ५० वा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० वा अधिक श्वास म्हणजे द्रुतश्वसन. त्यासोबत छाती आत ओढली जाणे, ओठ निळसर होणे, दूध वा पाणी न घेणे, ग्लानी किंवा आक्षेप यांपैकी एकही लक्षण असेल तर औषधयोजनेत वेळ न दवडता प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. यात आयुर्वेदाचा पराभव नाही. साध्यासाध्य विवेक हे आपल्या शास्त्राचेच पहिले अंग होय.

हेमंत-शिशिरात साचलेला कफ वसंतात वितळून पुन्हा त्रास देतो. म्हणून नाताळात खोकलेल्या मुलाला फाल्गुन-चैत्रात एकदा अवश्य पुन्हा बोलवावे. औषधविक्रेत्या बंधूंनी श्वाससंख्येचा हा तक्ता दुकानात दर्शनी लावावा, ही विनंती. सण मुलांचा आहे. तो त्यांना सुखरूप लाभो.