तीन लाख पौंडांचे सोडपत्र

आपल्याकडे जमिनीच्या खतात चतुःसीमा घातल्याशिवाय खत पुरे होत नाही. हडसन्स बे कंपनीने १९ नोव्हेंबर १८६९ रोजी ब्रिटनच्या राणीला जे सोडपत्र करून दिले, त्यातही चतुःसीमा आहेत. दक्षिणेस अमेरिकेची सरहद्द, पश्चिमेस रॉकी पर्वत, उत्तरेस उत्तर सस्कॅचेवान नदी, पूर्वेस विनिपेग सरोवर, लेक ऑफ द वूड्स आणि त्यांना जोडणारे पाणी. हा झाला नुसता सुपीक पट्टा. कंपनी सोडत होती तो सगळा मुलूख, म्हणजे रूपर्ट्स लँड, हडसन उपसागराला मिळणाऱ्या यच्चयावत नद्यांच्या खोऱ्यांएवढा होता. सुमारे ३९ लाख चौरस किलोमीटर. आजच्या भारताहून मोठा.

हा मुलूख कंपनीकडे आला कसा, ती हकिकत मुंबईकराला ओळखीची वाटेल. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६६८ मध्ये मुंबई बेट वर्षाला १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. दोनच वर्षांनी, २ मे १६७० रोजी, त्याने आपला आतेभाऊ प्रिन्स रूपर्ट आणि त्याच्या भागीदारांना हडसन उपसागराची सनद दिली. दोन्ही सनदांत धारणापद्धत एकच: लंडनजवळच्या ईस्ट ग्रीनिच जहागिरीतली जमीन असावी तशी. खंड मात्र वेगळा ठरला. राजा त्या मुलखात पाऊल ठेवील तेव्हा कंपनीने दोन एल्क आणि दोन काळे बीव्हर द्यायचे. सहावे जॉर्ज १९३९ मध्ये विनिपेगला गेले तेव्हा कंपनीने तो खरोखरच भरला.

सनद देणाऱ्याने तो मुलूख पाहिलेला नव्हता. तिथे क्री, अनिशिनाबे, डेने, इन्युइट पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. पुढे फ्रेंच आणि स्कॉटिश व्यापाऱ्यांच्या आणि स्थानिक स्त्रियांच्या संसारांतून मेती हा समाज तिथेच घडला. दोनशे वर्षे कंपनीने त्यांच्याकडून बीव्हरची कातडी घेतली, बदल्यात कांबळी, बंदुका, भांडी दिली. या व्यवहारात जमिनीची मालकी कोणाची, हा प्रश्न फारसा आडवा आला नाही. आला तो विक्रीच्या वेळी.

१८६७ मध्ये कॅनडाचे संघराज्य झाले आणि त्याच वर्षी अमेरिकेने रशियाकडून अलास्का विकत घेतला. मधला मुलूखही अमेरिका गिळील ही धास्ती ओटावाला होती. कार्टिए आणि मॅकडूगल हे दोन मंत्री लंडनला जाऊन बसले, घासाघीस लांबली, शेवटी वसाहतमंत्री लॉर्ड ग्रॅनव्हिल यांनी अटी ठरवून दोघांपुढे ठेवल्या. व्यवहार दोन टप्प्यांत बसवला. कंपनीने मुलूख राणीच्या स्वाधीन करायचा आणि राणीने तो कॅनडाला जोडायचा. त्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटने १८६८ मध्येच कायदा केला होता. ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य १८५८ मध्ये पार्लमेंटने कायद्याने काढून घेतले होते. इथे सौदा झाला.

कंपनीला रोख ३ लाख पौंड मिळाले. व्यापाराची ठाणी आणि त्यांच्या भोवतीची जमीन तिच्याकडेच राहिली. शिवाय सुपीक पट्ट्यातल्या मोजणी होणाऱ्या जमिनीचा विसावा हिस्सा तिने राखून घेतला. हा विसावा हिस्सा जमिनीवर उतरवला कसा, ते बघण्यासारखे आहे. कॅनडाच्या मोजणीत एका टाउनशिपचे ३६ सेक्शन पडत, प्रत्येक ६४० एकरांचा. ३६ चा विसावा भाग १.८. म्हणून प्रत्येक टाउनशिपमधला ८ नंबरचा सेक्शन पूर्ण आणि २६ नंबरचा पाऊण कंपनीला. दर पाचव्या टाउनशिपमध्ये २६ नंबरही पूर्ण. पाच टाउनशिपचे मिळून बरोबर ९ सेक्शन, म्हणजे हिशेब काट्यावर. अशी सुमारे ७० लाख एकर जमीन कंपनीच्या नावे लागली आणि वसाहतवाल्यांना ती विकून कंपनीने पुढची कित्येक दशके पैसा केला.

आणि माणसे? अटींमध्ये चौदावे कलम आहे. वसाहतीसाठी लागणाऱ्या जमिनीबद्दल मूळ रहिवाशांचे भरपाईचे जे दावे असतील ते कॅनडा सरकारने ब्रिटिश सरकारशी बोलून निकालात काढावेत, कंपनीवर त्याची जबाबदारी नाही. एवढेच. एका कंपनीच्या विसाव्या हिश्शासाठी एवढी तजवीज आणि हजारो वर्षांच्या वहिवाटीला एक वाक्य, हे वाचताना आजही संताप येतो. मेती लोकांचे तर त्या वाक्यातही नाव नाही.

खतावर सह्या होण्याआधीच मोजणीदार रेड रिव्हरच्या काठी पोचले होते. मेती शेतकऱ्यांच्या जमिनी नदीपासून आत गेलेल्या लांब, अरुंद पट्ट्या. तोंडाशी पाणी, शेवटी गवताचे रान. मोजणीदारांना चौकोन पाडायचे होते. ११ ऑक्टोबर १८६९ ला एका शेतकऱ्याच्या गवताळ रानात त्यांनी साखळी ओढली. ही गुंटरची ६६ फुटी साखळी. आपला गुंठा म्हणजे तिच्या निम्म्या लांबीचा चौरस. पंचविशीच्या उंबरठ्यावरचा लुई रिएल पुढे झाला, साखळीवर पाय दिला आणि म्हणाला, यापुढे जायचे नाही. मोजणी थांबली.

नियोजित राज्यपाल मॅकडूगल यांना मेती लोकांनी सरहद्दीवरच अडवले. ठरल्याप्रमाणे १ डिसेंबरला हस्तांतरण झालेच असेल, असे धरून त्यांनी त्या रात्री कडाक्याच्या थंडीत सरहद्द ओलांडून राणीच्या नावाने स्वतःच लिहिलेला जाहीरनामा वाचला. इकडे पंतप्रधान मॅकडोनल्ड यांनी अशांत मुलूख ताब्यात घ्यायला नकार देऊन पैसे अडवून धरले होते. आठवडाभरात रिएलच्या बाजूने हंगामी सरकार जाहीर झाले. त्या सरकारशी बोलल्यावरच मॅनिटोबा कायदा झाला आणि १५ जुलै १८७० ला हस्तांतरण अमलात आले.

त्या कायद्याच्या ३१ व्या कलमाने मेती मुलांसाठी १४ लाख एकर राखून ठेवले. वाटप वर्षानुवर्षे रेंगाळले, तोवर बाहेरून आलेल्यांनी चांगल्या जमिनी धरल्या आणि कित्येक मेती कुटुंबे पश्चिमेकडे निघून गेली. रिएलला १८८५ मध्ये फाशी झाली. ८ मार्च २०१३ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ३१ वे कलम अमलात आणताना सरकारने राजसत्तेच्या वचनाला साजेशी तत्परता दाखवली नाही. निकाल घोषणेपुरता होता. जमीन परत देण्याचा आदेश त्यात नव्हता.